पिवळं वेटोळं

थाटीपूरला जानेवारीत सकाळी सहाला
समोरचा कडुनिंब दिसत नाही,
त्याचं ठिबकणं तेवढं ऐकू येतं.
चावी अर्धी फिरवतो.
डॅशबोर्डवर पिवळं वेटोळं पेटतं,
जिलबीच्या पहिल्या फेऱ्यासारखं, आणि विझतं.
विझलं म्हणजे आत तापलं, आता फिरवा,
असं पुस्तिकेत छापलंय.
इंडिका खोकते, खोकते. मागून पांढरा धूर,
धुक्यात मिसळून कुठला कोणाचा तेही कळत नाही.
शैला खिडकीतून म्हणते,
"विकायचीय ना? मग कशाला एवढी सेवा?"

रविवारी भिंडहून भदौरिया येणार आहेत गाडी बघायला.
हजीऱ्यावरच्या मकसूदचा सल्ला सरळ आहे:
"साहब, पाँच बजे उठके गरम कर लेना, बस."
सगळे करतात.
तापलेली गाडी खोटं बोलत नाही,
फक्त विचारल्याशिवाय काही सांगत नाही.

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली.
लाइन कुठे मुकी झाली ते खांबाखांबाने शोधायचं.
अंदाज बांधायचा नाही. हात लावायचा, पुढे सरकायचं.
तेव्हाचा टेस्ट-लँप अजून माळ्यावर होता,
वायरला चिकटपट्टीची तीन ठिगळं.

आधी फ्यूज. शाबूत.
मग रिले. चावीबरोबर टक् म्हणायला हवा; म्हणाला.
मग चारही हीटर-प्लगांना जोडणारी पट्टी सोडवली.
बोटं बधिर. एक नट इंजिनाच्या पोटात कुठेतरी पडला,
त्याच्यापायी अर्धा तास गेला
आणि एक शिवी, जी शैलाने ऐकली.
चिमटा बॅटरीच्या धन टोकाला,
सुई पहिल्या प्लगच्या माथ्यावर: काही नाही.
दुसऱ्याच्या: काही नाही.
तिसऱ्यावर दिवा लागला.
चौथ्यावर पुन्हा अंधार.
पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिलं, सवयीने.
तेच.

म्हणजे अख्खा डिसेंबर
हा तिसरा एकटाच आपली खोली तापवत होता.
तिथे पहिला ठोका पडायचा,
त्या धक्क्याने बाकीच्या तिघी
कण्हत, धूर ओकत, जाग्या व्हायच्या.
आणि ते वेटोळं रोज पेटायचं, रोज विझायचं,
जणू सगळं आलबेल.
त्याला प्लगांचं काही ठाऊकच नसतं.
ते घड्याळ बघून विझतं.

मकसूदने इंजिन आधी चांगलं तापू दिलं.
थंड असताना जोर केला तर प्लगची मान तुटते
आणि खालचं धड हेडमध्ये राहतं, कायमचं.
तेल सोडलं, वाट पाहिली, बिडी संपवली,
मग पाना असा फिरवला
जसं कुणाच्या पायातला काटा काढतोय.
चारही काढले.
"अरे, हा चालू आहे," मी म्हटलं.
"सेट बदलते हैं, साहब."

आम्हालाही तसंच काढलं होतं.
एक तारीख, एक यादी, अख्खी बॅच.
हार, श्रीफळ, सामोसा.
चालू कोण होतं
ते कुणी दिवा लावून पाहिलं नाही.

रविवारी भदौरियांनी नमस्काराच्याही आधी
बॉनेटवर तळवा ठेवला.
उचलला तेव्हा दवाने ओला होता.
माझ्याकडे पाहिलं.
"गरम नहीं की?"
"नहीं."
बसले, चावी एका दमात फिरवायला निघाले,
मी खिडकीतून हात घालून मनगट धरलं.
"रुकिए. इसको बुझने दीजिए."
आम्ही दोघं त्या पिवळ्या जिलबीकडे बघत राहिलो,
आठ-दहा सेकंद, एकमेकांना न ओळखणारी माणसं.
विझली. फिरवली.
एका हाकेत उठली.

तरी टायरांच्या नावाने तीन हजार कमी केलेच.

चार दिवसांनी कपडे भिजवताना
शैलाला शर्टाच्या खिशात सापडला,
बोटाएवढा, काजळलेला.
"हे काय आता?"
"चालू आहे," मी म्हटलं.