डाव्या हाताचा ट्रे

वडाळा आगारात तळमजल्यावर
जाळीच्या दाराआड माझं टेबल.
रात्री साडेदहानंतर कंडक्टर एकेक करून
पिशव्या उपड्या करतात, चिल्लर यंत्रात पडते.
उजवीकडे मोजलेली.
डावीकडे, यंत्राला न पटलेली.

यंत्र जाडी बघतं, व्यास बघतं.
साल बघत नाही.
म्हणून पंचाहत्तरचा रुपया,
दोन कणसांचा, तळव्यावर भरणारा,
कायद्याने अजून चालणारा,
डाव्या ट्रेमध्ये येऊन आपटतो.
मान वर न करता कळतं मला.
नवा रुपया पडतो चमच्यासारखा.
हा पडतो, कुणीतरी दारात वहाणा काढाव्यात तसा.

आलेलं नाणं ठेवून घ्यायची बंदी आहे.
बदलून घ्यायचं काय, ते कुठे लिहिलेलं नाही.
मांजरेकरसाहेबांनी एकदा पाहिलं,
चष्मा पुसला आणि म्हणाले,
"बाई, हिशेब जुळला म्हणजे झालं."
तेव्हापासून पर्सच्या चोरकप्प्यात
वीस सुटे रुपये असतात.
एक उचलते, एक टाकते.

त्या रुपयाच्या सालाखाली बारीक चौकटचा ठिपका होता.
म्हणजे इथलाच, फोर्टातल्या टांकसाळीतला.
इथून बसने पाऊण तास.
पन्नास वर्षांत तो तेवढंच अंतर चालला
की देशभर हिंडून, कुणाच्या लग्नात ओवाळला जाऊन,
कुणाच्या गल्ल्यात दशकभर झोपून परत आला,
विचारायची सोय नाही.
त्याच्यावरचे सिंह मात्र झिजून
आता मांजरांसारखे दिसतात.

इरफान मुलाणीच्या पिशवीतून एकदा
शिडाचं गलबत आलं. कुवेतचं नाणं.
"पाच रुपये समजून घेतलं, मॅडम. नळबाजारला गर्दी होती."
मी पाच टाकले. गलबत घरी नेलं.
ते अजून फ्रीजवर आहे, लिंबांच्या परडीत.

आणि एक दोनाचं, अकरा कोपऱ्यांचं,
जे यंत्राने बिनतक्रार घेतलं होतं,
मीच उजवीकडून हेरलं:
छोटा परिवार, सुखी परिवार. साल त्र्याण्णव.
आईला दाखवलं. आम्ही पाच बहिणी.
तिने ते खिडकीपाशी नेऊन वाचलं,
उलटं केलं, सुलटं केलं, मला परत दिलं.
"जरा उशिराच छापलं म्हणायचं."

हल्ली पिशव्या हलक्या येतात.
लोक मोबाइल दाखवून उतरतात.
यंत्रावर दुपारभर टॉवेल असतो.

गेल्या मंगळवारी शिवडीची शेवटची फेरी जमा करताना
प्रणिता खोब्रागडेच्या चिल्लरीतून पावली निघाली.
गेंड्याची. बंद होऊन किती वर्षं झाली त्याला.
यंत्राने ती दोनदा थुंकली.

प्रणिता म्हणाली, एक बाबा होते, काठीवाले.
डोळ्यांनी दिसत नव्हतं.
खिशातलं सगळं एकेक चाचपून देत होते,
हा रुपया, हा रुपया, हा दोनाचा.
ही पण रुपया म्हणून दिली.
"काय सांगणार त्यांना, बाई?
की बाबा, हा मेलाय?"

ती पाकीट उघडत होती तोवर
मी माझा रुपया टाकला.
मी टाकलाय हे न पाहता
तिनेही टाकला.

हिशेब एक रुपयाने जास्त आला.
कमी आला तर पगारातून कापतात, विषय संपतो.
जास्त आला की फॉर्म भरावा लागतो, तीन प्रतींत.
दिनांक. फेरी. कंडक्टरचा बिल्ला क्रमांक.
शेवटचा रकाना: जादा रकमेचे कारण.

पावणेबारा झाले होते. प्रणिता ओढणीने घाम पुसत उभी.
गेंडा माझ्या मुठीत गरम झालेला.
पायापाशी चिल्लरीच्या अकरा गोण्या,
शिवून, सील करून.

मी लिहिलं:
सुट्टे नव्हते.