पिकअप

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
आमचा इंग्रजीचा वर्ग भरतो, सोमवार-गुरुवार, सात ते साडेआठ.
खाली यंत्र सुरू झालं की फळा थरथरतो
आणि माझं अक्षर, आधीच वाईट, आणखी बिघडतं.
आज मी लिहिलं : पिक अप.
म्हटलं, अर्थ सांगा.

भिकाजी कोयंडेने मानही वर केली नाही.
"गाडी," तो म्हणाला. "पांढरी. दीडशे पेट्या भरून रात्री निघायचा, पहाटे वाशी."
चैत्रात तो अर्ध्या झोपेतच वर्गाला येतो,
बाहीवर आंब्याचा चीक, केसांत गवताची काडी.
मागून कुणीतरी : "तुझ्या गाडीक पिकअप आसा खंय?
परशुरामच्या घाटात उतरून ढकलूक लागता."
वर्ग हसला, मीही.
दोन अर्थ मी न शिकवताच होऊन गेले.

मग माझे सांगितले, वहीतले.
खाली पडलेलं उचलणं.
स्टँडवर उतरलेल्या पाहुण्याला गाडीत घालून आणणं.
वाऱ्याने जोर धरणं. हा समजवावा लागला नाही,
तोंडं आपसूक खिडकीकडे वळली, मुंबरीच्या बाजूला,
जिथे दुपारपासून लाटांची टोकं पांढरी होती.
आणि पुस्तकाशिवाय, नुसती कानावर पडून, भाषा येणं.
तेव्हा सगळ्यांनी पदमकडे पाहिलं.

पदम नेपाळचा, सड्यावर कलमं राखतो.
आला तेव्हा त्याला 'पानी' एवढंच येत होतं,
तेही तिकडचं, इथे जवळजवळ तसंच चालून गेलं.
आता तो वानरांना मालवणीत शिव्या घालतो
आणि वानरं, म्हणे, फक्त त्याचंच ऐकतात.
"सर, उचल पण त्यातच येते?"
त्याचा भाऊ लाँचीवर आहे, चाळीस हजार उचल घेऊन.
घेताना हलकी असते ती रक्कम,
मग नारळीपौर्णिमेपासून जाळ्याबरोबर ओढायची.
"नाही," मी म्हणालो, "तिला वेगळा शब्द आहे. ॲडव्हान्स."
त्याचा अर्थ पुढे जाणं असाही होतो,
हे सांगायला धजावलो नाही.

हेमलता खवळे एवढा वेळ गप्प.
तिसऱ्या काढून काढून बोटं चिरलेली,
पेन ती अंगठ्याच्या बेचक्यात धरते.
घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देते,
त्यांच्यासाठी शिकत असेल, असं मी धरून चाललो होतो.
"फोनाक पण ह्योच शब्द?"
होय, म्हटलं.
"आणि उचलणा नाय, असां म्हणूचा झाला तर?"

मी लिहिलं : डझ नॉट.
यंत्राने 'नॉट' हलवला, मी पुसून पुन्हा लिहिला.
तिने एकेक अक्षर कालवं फोडल्यासारखं उतरवून घेतलं,
मग पर्समधून एक कागद काढला, चार घड्यांचा :
कंपनीचं नाव, मुंबईतला नंबर, जहाजाचं नाव,
आणि साईशच्या नावापुढे एक तारीख, सतरा दिवसांपूर्वीची.
तिथला माणूस मराठी बोलत नाही, म्हणाली.
हिंदीत बोललं की 'मॅडम, होल्ड' म्हणतो नि गाणं लावतो.

उभी राहिली. पदर खोचला, जत्रेतल्या रांगेत खोचतात तसा.
"माय सन डझ नॉट पिक अप."

वाक्यात कर्म राहिलं होतं.
मी दुरुस्त केलं नाही.
ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा
खालचं यंत्र बंद पडलं आणि वाक्य एकदम मोठं झालं खोलीत.
पदम स्वतःच्या मोबाइलकडे बघत बसला.

साडेआठला अजून दहा मिनिटं होती.
भिकाजी उठला, डोळे चोळत :
"चल काकी, सोडतंय तुका."
रिकाम्या पेट्या सरकवून त्याने जागा केली,
ती पुढे न बसता मागेच चढली, वाऱ्यात.
गाडी तिसऱ्या दमात सुरू झाली.