मंगळवार नावाचं बेट

रेंज येते ती फक्त तलावाच्या पाळीवर,
त्यातही येनाच्या झाडाशी, उगवतीकडे तोंड केलं तर.
म्हणून सांजेला सातच्या सुमारास माय
चुलीतली लाकडं मागं ओढते,
भाताच्या गंजावर झाकण ठेवते,
आणि आम्ही दोघी टॉर्च घेऊन निघतो
बेट बघायला.

तिकडं सकाळचे साडेनऊ.
खेमराजला आज पाच तासांची सुट्टी.
जहाजाच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली
त्याची खोली आहे, खिडकी नसलेली.
"ढिवराचा पोरगा अन् पाण्याच्या खाली निजते,"
माय बाजारात सांगत असते,
अभिमानानं की कशानं, तिलाच ठाऊक.
तो टॉवेल धुतो.
घड्या घालून त्यांचे हत्ती, हंस करणारे वेगळे.
त्यांना बक्षीस मिळतं,
याला वाफ.

"बेटाचं नाव का हाय रे?" मी विचारलं.
"आम्ही मंगळवार म्हणतो," तो म्हणाला.
"बुधवार याच्याहून मोठं हाय.
गुरुवारी नुसतं पाणी."

माय हसली. मंगळवार तर आमच्याही बाजाराचा.
आत्ताच आली होती ती, नखांत शिंगाड्याची काळी साल,
पदराला सुक्या झिंग्यांचा वास.
तिला ते बेट लगेच कळलं:
लोक उतरतात, टोपली उलटीपालटी करतात,
भाव पाडतात, घेत नाहीत,
आणि जीप सुटायच्या आत पळतात.

फोनमध्ये बेट हलत होतं.
एक लाल छत्री, मग आभाळ, मग त्याचा कान.
मण्यांच्या माळा विकणारी एक बाई,
पोर पाठीशी बांधलेलं.
"तिले विचार, बोहणी झाली का?"
माय ओरडली, जणू मधे एवढा तलावच आहे.
त्यानं विचारलं.
बाईनं हात आडवा हलवला.
"पाय बरं," माय म्हणाली, "अन् जहाज केवढं!"

मग तो धक्क्यापासून लांब चालत गेला.
तिथं गुडघाभर पाण्यात एक म्हातारा,
खांद्यावर फेकजाळं.
मायनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.
"शिसं कमी लावलं हाय त्यानं," ती हळूच बोलली.

बारावीनंतर खेमराजनं डोंगा सोडला.
घरामागं पालथा पडलाय तो,
खाली कोंबड्या अंडी घालतात.
जाळं तर खुंटीवरच वाळून कडक झालं.
आता म्हाताऱ्यानं काही विचारलं, यानं काही सांगितलं,
कोणत्या भाषेत, देव जाणे.
यानं फोन दगडाला टेकवून ठेवला.
बेट तिरपं झालं. समुद्र तिरपा,
तरी सांडत नव्हता.
पॅन्ट दुमडून तो पाण्यात उतरला,
जाळ्याची एक कड दातांत धरली
बाबा धरायचे तशी,
कमरेतून वळला
आणि फेकलं.

चित्र थांबलं.

जाळं हवेत. पुरतं गोल.
शिशाची एकेक गोळी मोजता यावी असं.
"उघडलं," माय म्हणाली.
मी फोन उंच धरला, खाली धरला,
येनाला वळसा घालून आले.
जाळं काही खाली येईना.
आमच्या पाठीशी अंधारात
तलावातली एखादी मोठी मरळ पलटली, डुबुक,
आणि माय दचकून तिकडं वळली,
मग परत फोनकडं.

मेसेज मिळाला तो सकाळी, पुन्हा पाळीवर गेल्यावर.
इथं बुधवार उजाडला होता,
तिकडं मंगळवार अजून संपायचा होता.
"एकच निघाला. जहाजात न्यायची मनाई असते.
म्हाताऱ्याला देऊन टाकला. उद्या बुधवार."

मी मोठ्यानं वाचून दाखवलं.
मायनं दोनदा वाचायला लावलं.
मग डोक्यावरचा गुंडा सावरत
घराकडं उतरता उतरता म्हणाली,
"किती बोटांचा होता,
ते नाही लिहिलं का त्यानं?"