कसाले

पहाटे पावणेपाचला
तिच्या मुठीतून माझ्या कानाची पाळी सोडवून घेते.
झोपेत ती कान धरते. तिने कूस बदलली की
कानासकट मी तिकडे.
खाकी शर्टाच्या खिशावर रात्रीच्या वरणाचा पंजा आहे,
ओल्या फडक्याने पुसला तरी पिवळा राहतोच.
अमळनेर–चोपडा, पहिली फेरी.
कंडक्टरच्या खिशाकडे कोणी बघत नाही,
सगळ्यांना सुट्टे हवे असतात.

कागदावर कनिका, घरात कानू.
कानबाईच्या रोटांच्या दिवशी झाली म्हणून.
वय चार वर्षं नऊ महिने.
सध्या तिच्याकडे एकच शब्द आहे,
शेजारच्या सुपडाआजीकडून उचललेला.
डबा संपव. कसाले?
चप्पल घाल, फरशी तापलीय. कसाले?
दुपारी पारा सेहेचाळीसवर,
गल्लीत कुत्रंसुद्धा नाही,
आणि ही कूलरच्या जाळीला तोंड लावून ओरडते
कसाऽऽले!
पंखा तिचा आवाज बारीक चिरून तिला परत देतो.
ती इतकी हसते की उचकी लागते,
मग उचकीलाही विचारते.

अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या,
घरी शुद्ध बोलत जा हो, ती म्हणते ‘माले नही जानं’.
मी हो म्हटलं.
तासाभराने गाडीत एका म्हातारीला विचारलं,
माय, कथा जानं शे?
आणि माझं मलाच हसू आलं.

मागच्या मंगळवारी डबल ड्युटी पडली.
तापीच्या पुलावर केळीचा ट्रक आडवा झाला होता,
दीड तास उन्हात, गाडीत चौसष्ट माणसं
आणि सगळ्यांचा राग माझ्यावर.
घरी आले तर
मशीनचा नवा रोल कानूने पूर्ण उलगडलेला.
पाटाखालून, कूलरच्या पायांतून,
दळणाच्या डब्याला तीन वेढे घालून थेट मोरीत.
मोरीत लगदा.
रस्ता शे, ती म्हणाली. धुयाले जास.

मी मारलं.
जोरात नाही, असं मी हेमराजला सांगितलं.
पाठीवर, एकच.
या वेळी तिने कसाले विचारलं नाही.

भाकरी थापताना हात चालेना.
हेमराज ऑइल मिलमधून आला, काही बोलला नाही,
उरलेला कागद पेन्सिलीवर गुंडाळत बसला.
गुंडाळला तर दुप्पट जाड झाला,
मशीनमध्ये बसेना.
ती झोपली होती भिंतीकडे तोंड करून.
मी तिच्या हाताजवळ कान नेऊन ठेवला.
बऱ्याच वेळाने धरला.

रविवारी ओसरीवर गाडी लागली होती.
पुढच्या सीटवर सुपडाआजी, सुजलेले गुडघे पसरून.
मागे दोन उश्या, एक पाटा,
आणि डोक्याला रुमाल बांधलेलं भरताचं वांगं.
तिकिटं लिंबाच्या पानांची.
प्रत्येक पान दाताने टोचायचं, थुंकायचं,
कडू तोंड करायचं, पुढच्याला द्यायचं.
‘चला, पुढे सरका! दारात गर्दी करू नका!’
चक्क शुद्ध मराठीत.
तो माझा आवाज होता,
संध्याकाळच्या शेवटच्या फेरीतला, पिचलेला,
वांग्यावर खेकसणारा.
माझा असा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मला विचारलं, कथा जानं शे?
धुयाले, मी म्हटलं, आणि दहाची नोट दिली.
तिने नोट खिशात घातली.
सुट्टा नहीत, म्हणाली, उतरताना घ्या.

श्रावणात कानबाई येईल, हिला पाच पूर्ण होतील.
पाचाच्या आत तिकीट नाही,
आईच्या मांडीवर बसायचं, खिडकीकडे तोंड.
पाचानंतर हाफ.
मलाच काढावं लागेल.
मशीन किर्र करेल, ती हात पुढे करेल
आणि तोच शब्द विचारेल.
नियम पाठ आहे मला. उत्तर काढून ठेवलेलं नाही.

तूर्त उद्या पहिली फेरी आहे,
गजर चार चाळीसचा,
आणि कान तिच्या मुठीत.