मीठ-पाण्यापुरतं

भाद्रपद. तोरणमाळचं पठार, तळ्याच्या वरच्या अंगाला
म्हशी बसून बसून गवत थबथबलेलं.
शहाद्याहून सकाळची एसटी, घाटात दोनदा गरम झालेली;
पिशवीत भिंग, जुनी वर्तमानपत्रं,
वहिनीनं बांधून दिलेली कळण्याची भाकरी.

सुकलीबाई पावरा म्हणाली होती, दिवसा शोधू नका.
दिवसा ते नुसतं गवत असतं.

म्हणून बसून राहिलो. पँट ओली झाली, मग गार.
साडेसहाच्या सुमाराला एक उघडलं.
पांढरं. बोटभर लांब नळी, किंचित वाकलेली,
तोंडाशी पाच पाकळ्या,
तुतारी हातात घेऊन फुंकायचंच कुणी विसरलेलं.
पानं दोऱ्यासारखी चिरलेली.
खाली आधीचं फळ, त्याला एका अंगाला चोच.

इथवर पुस्तकात आहे तसं.
खात्री मात्र मातीखाली.

खिळ्यानं उकरत गेलो, बॅटरी दातांत धरून.
त्याचं मूळ गवताच्या मुळाला जिथं टेकलं होतं
तिथं एक गाठ,
बाजरीच्या दाण्याहून बारीक.
म्हणजे तेच.

आमच्या जवारीत याचाच चुलतभाऊ यायचा, टारफुला.
आप्पांच्या तोंडी ती शिवी होती.
नोकरी गेल्यावर भावाच्या माडीवर राहायला आलो
तेव्हा जेवताना एकदा म्हणालेही,
कुणाकडे न बघता.
त्याला नऊ वर्षं झाली.

चोर आहे हे, मी सुकलीबाईला म्हणालो.
तिनं रोप हातात घेतलं, उलटसुलट केलं.
पान हिरवं आहे ना, म्हणाली,
म्हणजे चूल त्याची त्याची.
शेजारून मीठ-पाणी नेतं फक्त.
मग थोडं थांबून:
रोज नेतं, ते खरं.

रात्री मुक्कामाला कागदात दाबलं.
पहाटे उघडलं तर पांढऱ्याचं काळं होत आलेलं,
पानं, देठ, सगळंच.
या कुळाची हीही एक खूण.

चिठ्ठी लिहिली.
नाव: तुतारी. ठिकाण, तारीख, उंची, मातीचा रंग.
यजमान: गवत.
कोणतं, ते बघायचं राहिलं.