धूर : नाही

आमच्याकडे चढ म्हणजे पूर्णेच्या पुलाचा,
सायकलवरून उतरावं की न उतरावं, एवढाच.
उंच म्हणजे ग्रामपंचायतीची टाकी,
नाहीतर जिनिंगमधली कापसाची गंजी,
जिच्यावर चढलं की मुनीम ओरडायचा.
खारपाणाच्या सपाटीत वाढलेल्या मला
वनखात्याने नेमलं ते मेळघाटात,
जिथे वाट सुरू होते तीच उभी.

नकाशात या डोंगराला नाव नाही,
नुसता आकडा आहे : नऊशे एक्याऐंशी.
सुखलाल बेठेकर, आगीचा पहारेकरी, हंगामी,
म्हणाला, "नाव हाये. वर गेल्यावर सांगतो.
खालून नाव घेतलं का चढ वाढते."

मार्च संपत आलेला.
सागावर पान नाही, म्हणून सावली नाही.
सगळी सावली खाली पडून वाळलेली,
पापडासारखी मोडते पायाखाली.
माझे बूट एक नंबर मोठे.
खात्याकडे बायकांचं माप नव्हतं.
पुढे कापूस कोंबलाय,
आमच्याकडचाच असेल कदाचित.

नंतर मुरमाचा घसारा.
मी चार पावलं चढते,
डोंगर मला तीन परत करतो.
भुत्याच्या पांढऱ्या खोडाला टेकले, तर म्हणतो,
"त्याले नका धरू मॅडम, थो बी थकला हाये."

वाटेत अस्वलाची विष्ठा. तिच्यात मोहाची फुलं, अख्खी.
"सकाळची हाये," तो म्हणाला,
पेपर आला का विचारल्यावर सांगावं तसा,
आणि रबरी चपला फटफटवत पुढे गेला,
खांद्यावर पाच लिटरची कॅन, तीही माझ्यासाठी.

शेवटी काळा कडा. मधे एक फट.
पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला,
आणि सरकायचं, घोरपडीसारखं.
अर्ध्यात मला माझा श्वास
दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.
वळून पाहिलं.
मागे फक्त हवा होती. खूप.

माथ्यावर चार खांब, एक पत्रा,
सुतळीनं खांबाला बांधलेलं रजिस्टर.
तारीख. वेळ. वारा. धूर.
पानामागून पान तेच अक्षर :
धूर : नाही. धूर : नाही. धूर : नाही.
गेल्या एप्रिलात एकदाच : आहे.
त्यानंतर नऊ दिवस कोरे.

मी दक्षिणेकडे पाहत राहिले.
तिकडे कुठेतरी आमची टाकी.
पण मैदान दिसत नव्हतं,
फक्त ऊन होतं, मळक्या धोतरासारखं पसरलेलं.
एवढं चढून आलं की घर दिसतं, असं कुणी सांगितलं होतं मला?

मग तिसऱ्या दरीत एक रेघ.
मी वायरलेस उचलला. हात कापत होता.
मोहाखालचा पाला जाळतात लोक,
आणि जाळ मोहापाशी थांबत नाही.
सुखलालनं डोळ्यांवर हात धरला, हलला नाही.
"पान जळलं का पांढरा राहते. गवताचा पिवळा.
हा निळा हाये. चुलीचा."
आणि थोडं थांबून,
"माह्याच घरचा. आज उशीर केला तिनं."

मी पेन उघडून बसले.
धूर होता. समोर होता, सरळ, बारीक,
त्यात कुणाची तरी भाकर होती.
रकाना बोटभर रुंद.
लिहिलं : नाही.
त्यानं वाकून पाहिलं
आणि कॅन माझ्याकडे सरकवली.

"आता नाव सांग," मी म्हटलं.
त्यानं सांगितलं, कोरकूत.
मी दोनदा म्हणून पाहिलं, दोन्हीदा चुकलं.
तो इतका हसला की खालचं एक माकड खेकसलं.
"येत जा रोज," तो म्हणाला,
"जिभेलेही चढ लागते."

उतरताना गुडघे माझे नव्हतेच.
बुटातला कापूस भिजून गोळा झाला होता.