तिसरा मजला, त्रिएस्ते

समोरासमोर दोन दारं.
एकाच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली पितळी नळी,
दुसऱ्यावर ऑलिव्हची डहाळी,
झावळ्यांच्या रविवारची, अजून हिरवी.
मी मोईझे विवांतेंच्या आतल्या खोलीतला भाडेकरू,
गोदीत वेल्डिंग शिकणारा,
तसा कुठल्याच दाराचा नव्हे.

रोज चारला निवेस कोशुता येते
आणि कॉफीबरोबर
तीस वर्षांचा जुना वाद उकळायला ठेवला जातो.

ती म्हणते, आला होता.
त्याला आई होती, खेडवळ बोली होती,
हाताला सुताराचे घट्टे होते.
ते म्हणतात, येईल तेव्हा कुणी सांगावं लागणार नाही.
मी नुसता खिडकीतून समुद्राकडे बघेन.
बोटींवरून अजून बुडालेली माणसं उतरवताहेत?
मग नाही आला.
ती म्हणते, बुडालेल्यांतच असतो तो.
ते चमचा ढवळत राहतात.
साखर घेत नाहीत, तरी.

नोव्हेंबरात मी एकदा शहाणपणा केला.
म्हटलं, शेवटी सगळं एकच ना?
दोघं असे वळले माझ्याकडे
जणू मी त्यांच्या लेकराला
भलत्याच नावानं हाक मारली.
"एकच नाही," ती म्हणाली.
"मुळीच नाही," ते म्हणाले.
इतकं एकमत त्या टेबलावर पहिल्यांदाच झालं असावं.
"माझा मेला, आणि तिसऱ्या दिवशी उठला.
यांना नाही पटत.
म्हणून काय मी यांची कॉफी पातळ करू?"

वल्हांडणाच्या रात्री बोरा सुटला,
माणसांना भिंती धरून चालायला लावणारा वारा.
वीज संध्याकाळीच गेलेली.
बेखमीर भाकरी, कडू पाला,
एलीयासाठी काठोकाठ भरलेला पेला.
मग विवांते मला म्हणाले, दार उघड.

याच जिन्यावरून एकदा नऊ जणांना खाली नेलं होतं.
तेव्हा बाकीची दारं आतून लागली.
निवेसच्या आईचंही.
ती हे लपवत नाही.
ते हे उगाळत नाहीत.

मी कडी काढली.
एलीयाच्या आधी वारा घुसला,
सगळ्या मेणबत्त्या गेल्या.
सणाच्या रात्री नवी काडी ओढायची नाही,
दुसऱ्याला ओढ म्हणायचंही नाही.
बसून राहिलो.
कुणाच्या तरी दातांखाली भाकरी वाजली.

मग समोरचं दार.
तिच्या ओट्यावर इस्टरचा पाव फुगत होता,
म्हणून कोपरांपर्यंत हात धुऊन,
एप्रन आत टांगून आली होती,
खमिराचा कण या उंबऱ्याशी नको.
काडी तिनं आपल्या दारात ओढली,
आपल्याच मेणबत्तीसाठी.
ज्योत तळव्याआड धरून
दोन दारांच्या मधोमध उभी राहिली.
बोलली नाही.
पेटत्यावरून पेटवायला मुभा असते.
विवांतेंनी आपली मेणबत्ती पुढे केली.
हात कापत होता, वात धरेना.
ती थांबली.

उजेड आला तेव्हा पाहिलं,
ते जिन्याखाली डोकावत होते,
अजून न आलेल्यासाठी.
तीही डोकावत होती,
परत येणाऱ्यासाठी.

जिना तर एकच, असं म्हणणार होतो.
जीभ चावली.